दुसरी वेलांटी

काहीतरी लिहून दाखवा म्हटल्यावर काकांनी कागदावर दोन ओळी लिहिल्या, पेनाला टोपण लावलं आणि कागद टेबलावरून डॉक्टरीणबाईंकडे सरकवला. शेजारी बसलेल्या काकूंना दिसू नये म्हणून त्यावर हात आडवा धरला होता. पण काकू काही काल संसाराला लागल्या नव्हत्या. मान न वळवता त्यांनी वाचलंच.

"हिला कळू देऊ नका. मला एक अक्षर वाचता येत नाही."

अक्षर कसं, तर मोत्याच्या दाण्यासारखं. माणसाला लिहिता येतं आणि वाचता येत नाही, हे काय त्रांगडं?

आणि कळू देऊ नका म्हणे! चौतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासणारा हा माणूस. औषधाच्या पाकिटालाही सोडायचा नाही. सकाळी पेपरातल्या चुका मोठ्यानं वाचून दाखवल्याखेरीज चहाला तोंड लावायचा नाही. डोक्यात रक्ताची गुठळी अडकली, चार दिवस दवाखान्यात काढले, घरी आला. तेव्हापासून रोज पेपर तोंडासमोर धरून इमानेइतबारे पानं उलटत होता, पण नऊ दिवसांत एक चूक सापडली असेल तर शपथ. दुसऱ्याच दिवशी मथळ्यात ढळढळीत चूक होती. काका मुकाट चहा प्यायले. काकूंनी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं. छापखान्यानं महिनाअखेरपर्यंत खुर्ची राखून ठेवली होती. पुढे काय, हे दोघंही बोलत नव्हते.

"काका, काय लिहिलंत ते वाचता?" बाईंनी विचारलं.

काका जरा घुटमळले.

"आज बरं वाटतंय, असं लिहिलंय."

बाईंनी काकूंकडे पाहिलं.

"आहेच बरं," काकू म्हणाल्या. "अगदी बरं."

बाई तरुण होत्या, पण शहाण्या. त्यांनी कागदाची घडी घालून फाइलीत ठेवून दिली.

"एक व्यायाम देते. सगळ्यांनाच देते," त्या म्हणाल्या. "अक्षराकडे नुसतं बघायचं नाही, बोटानं गिरवायचं. मेंदूत अक्षरांपर्यंत जायला एकच वाट नसते. डोळ्यांची वाट बंद पडली, तरी अक्षरं आत जागच्या जागी असतात. मग हाताच्या वाटेनं जायचं. सुरुवातीला वेळ लागतो. काकू, तुम्ही द्या एखादं वाक्य लिहून. मोठ्या अक्षरात."

"मी?" काकू दचकल्या. या माणसापुढे त्या वाण्याची यादीसुद्धा तोंडी सांगत. चार शब्दांत पाच चुका काढून घ्यायची हौस कुणाला? पण पेन हातात आलं, आणि जे नऊ दिवस बोलायचं राहिलं होतं तेच कागदावर उतरलं.

काकांनी तर्जनी पहिल्या अक्षरावर ठेवली. गिरवलं, पुसल्यासारखं केलं, पुन्हा गिरवलं.

"म," ते म्हणाले. बराच वेळ गेला. "ला. मला."

काकू खुर्चीत पुढे सरकल्या.

"स... ग... ळं." काकांच्या कपाळावर घाम आला होता. "मा... हि..."

बोट थांबलं. मागे आलं. वेलांटीवरून एकदा फिरलं, दोनदा फिरलं. कपाळाला आठी पडली.

"चूक आहे हे," काका खणखणीत आवाजात म्हणाले. "माहीत! 'ह'ला दुसरी वेलांटी. किती वेळा सांगायचं?"

काकूंना ती वेलांटी उभ्या जन्मात जमली नव्हती. त्यांनी तोंडाला पदर लावला. हसू येतंय की रडू, त्यांचं त्यांनाच कळेना.

"आहे," काकांनी शेवटचा शब्द गिरवला आणि सवयीनं सबंध वाक्य एकदा म्हणून पाहिलं. "मला सगळं माहीत आहे."

बोट मात्र पूर्णविरामावरच राहिलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बाई उगाचच फाइल चाळू लागल्या.

मग काकांनी तो कागद काकूंकडे सरकवला.

"आणखी लिही," ते म्हणाले. "चुकलं तरी चालेल."