लॅपटॉपची पूजा

माझ्या सुनेच्या, शमिकाच्या लॅपटॉपची स्क्रीन मी फोडली. आधीच सांगून टाकते, कारण तिला हे सांगायला मला पंधरा दिवस लागले. एरवी माझ्या तोंडाला कुलूप नसतं.

दसऱ्याला ती इथल्या, जर्मनीतल्या युनिव्हर्सिटीत गेली होती. मुलगा कपिल लांब झिंडेलफिंगेन गावी नोकरीवर. तो ब्राउनश्वाइगला घरी येतो फक्त शनिवार-रविवारी. घरात ना शस्त्र, ना शिवणयंत्र. मग पूजा कशाची करायची? टेबलावरचा लॅपटॉप उघडला, हळदकुंकू वाहिलं, अक्षता, फूल, सुपारी ठेवली. संध्याकाळी सगळं आवरलं आणि झाकण लावायला गेले तर बसेना. दाबलं. कट् झालं. चष्मा नव्हता डोळ्यांवर, सुपारी घरंगळून बिजागरीपाशी गेलेली मला दिसलीच नाही. उघडून बघते तर स्क्रीनला ही भेग. सुपारी गुपचूप डब्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी शमिका रडली. परवा सायकलवरून आणताना धक्का बसला असेल, म्हणाली. आणि मी, शहाणी, वर तिलाच ऐकवलं, "वस्तू जपून वापरावी गं." एकदा नाही, चारदा. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

आज वॉरंटीचा शेवटचा दिवस. कंपनीला भेगेचे फोटो हवे होते. दुपारपासून ती फोटो काढत होती आणि प्रत्येक फोटोत भेगेऐवजी खिडकी तरी दिसायची, नाहीतर मी. मेली स्क्रीन आरशासारखी चकचकीत. शेवटी माझी काळी शाल दोन्ही हातांनी उंच धरून मी तिच्या मागे उभी राहिले. दंड भरून आले.

"हलू नका, आई."

फोटो स्वच्छ आला. भेग जिथून फुटली होती ती सुपारीएवढी जागा लख्ख दिसत होती.

मग ती फॉर्म भरायला बसली, एकेक प्रश्न मला मराठीत सांगत. "तर, पाणी सांडलं होतं का? नाइन, नाही. झाकण लावताना आत काही राहिलं होतं का?"

"खोटं लिहिलं तर काय करतात गं?"

"उघडून तपासतात. सापडलं तर खाली सही माझी आहे, मलाच धरतील. पण आत काय राहणार, आई?"

आठ दिवसांनी माझं पुण्याचं विमान होतं. गप्प बसले असते तर खपून गेलं असतं. पण सही तिची होती.

"सुपारी," मी म्हटलं. "दसऱ्याची. मीच ठेवली आणि मीच दाबलं."

तिने 'हो'वर खूण केली, काय झालं ते दोन ओळींत लिहिलं, फोटो जोडले आणि पाठवून दिलं. आता दुरुस्ती मिळणार नाही, हे दोघींनाही माहीत होतं.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "बोल मला काय बोलायचं ते."

"मी नंतर बोलेन. आधी कपिलला सांगा. आत्ता, माझ्यासमोर." तिने स्वतःच्या फोनवरून त्याला फोन लावला आणि स्पीकर चालू करून माझ्यापुढे ठेवला.

"हं, बोल," कपिल म्हणाला. त्याचा असा तुसडा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "आज काय फोडलंस?"

शमिका टेबलाकडे बघत राहिली. तिला त्याचं काहीच नवल वाटलेलं दिसलं नाही.

"कपिल, मी आई बोलतेय," मी म्हटलं. "आणि तो लॅपटॉप तिने नाही, मीच फोडला होता."