पाष्ट्यांच्या पोटाचं गाऱ्हाणं

पाष्ट्यांच्या घरात कुणाचं पोट बिघडत नसे. निदान रावजी पाष्टे ऐकत असेपर्यंत तरी नाही. घरातलं माणूस दिवसातून सहा वेळा तांब्या घेऊन परड्यात गेलं, तर ते पाय मोकळे करायला गेलेलं असे. पोट फुगलं तर खाल्लेलं अंगी लागलं म्हणायचं, आणि हातापायांच्या काड्या झाल्या तर बांधाच बारीक.

तुळसाचं वय एकोणीस. गेल्या दोन वर्षांत तिने इतक्यांदा पाय मोकळे केले होते, की विहिरीवरून कळशी आणताना आता दोनदा टेकावं लागे. आई लहानपणीच गेलेली, बाप बाबू मुंबईला गोदीत. सांभाळ चुलत्याकडे, म्हणजे रावजीकडे. रावजीची माया खरी होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे तसं वाटणार नाही. घरात मुंबईचे पैसे येऊ लागल्यावर त्याने पहिलं काम केलं ते नाचणीची भाकरी बंद करण्याचं. नाचणी गरिबांनी खावी. पाष्ट्यांच्या घरी दोन्ही वेळा चपाती. आजाऱ्याला तर गव्हाचा मान दुप्पट: सकाळी रव्याची खीर, दुपारी तुपातला शिरा, संध्याकाळी चहात बुडवून टोस्ट. माणूस जितका खंगे, तितकी शिऱ्याची वाटी मोठी होई. रावजीची धाकटी बहीण सीता हा सगळा पाहुणचार घेत घेत चार वर्षांपूर्वी वारली. शेवटच्या दिवसापर्यंत रावजीने तिला स्वतःच्या हाताने भरवलं. तुळसाने ते पाहिलं होतं. त्यामुळे समोर वाटी आली की तिला भूक लागायच्या ऐवजी भीती वाटे.

शहाऐंशीच्या दिवाळीनंतर तिला सावर्ड्याचं एक स्थळ सांगून आलं. पोरीच्या तोंडावर जरा रंग यावा म्हणून रावजीने तिला पावसच्या एसटीत बसवून रत्नागिरीला डॉक्टर आगाश्यांकडे नेलं. डॉक्टर तरुण, नवीन, आणि त्याला प्रश्न फार. त्याने डोळे पाहिले, नखं पाहिली, रक्त तपासायला पाठवलं. अंगात रक्त निम्मंच आहे म्हणाला. काय खाता, कधी खाता, सगळं विचारलं.

"घरात आणखी कुणाला असा त्रास आहे?"

"नाय," रावजी म्हणाला.

"कुणी आत्या, काका? आजोबा?"

"आमच्या घरान्यात कुनाला कदी पडसा सुद्दा नाय, डाक्टर."

तुळसाने तोंड उघडलं. रावजीला जोराचा खोकला आला. सोयरीक चालू असताना घराण्याचं दुखणं बाहेर काढणं म्हणजे आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेणं, आणि अशी बातमी सावर्ड्याला एसटीच्या आधी पोचते.

डॉक्टरने समजावून सांगितलं. काही माणसांच्या आतड्याला गहू सोसत नाही. हिला तेच असावं. खात्री करायची तर मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नळी गिळून आतड्याचा कण काढावा लागतो. "पण नुसती चिठ्ठी दिली तर तिथले मोठे डॉक्टर मला हसतील. पुस्तकात हा रोग गोऱ्या लोकांचा, फार तर पंजाब्यांचा. भात खाणाऱ्या कोकणात तो कुणी पाहिलेला नाही. एकाच घरात चारपाच जणांना असेल, तर माझ्या चिठ्ठीला वजन येईल. नाहीतर टॉनिक देऊन परत पाठवतील."

रावजीला टॉनिकच हवं होतं. ते मिळालं तसा तो समाधानाने उठला. तुळसाला मात्र त्या गर्दीच्या दवाखान्यात रडू आलं. आपण मरणार, आणि तेही खोकल्याच्या आड, असं तिला वाटलं.

पुढच्या आठवड्यात घरची वर्षाची राखण होती. परड्याच्या कडेला, जांभ्या दगडाच्या गडग्याला लागून, पाष्ट्यांच्या घराची राखण करणारा देव, राखणदार, बसतो. त्याला नारळ-कोंबडा द्यायचा आणि घरच्या वडीलधाऱ्याने गाऱ्हाणं घालायचं. डॉक्टरपाशी खोटं बोललं तर चालतं, फार तर औषध चुकतं. राखणदारापाशी चालत नाही. त्याला ज्याचं त्याचं नाव, ज्याची त्याची पीडा नीट सांगावी लागते. मोघम सांगितलं तर तोही मोघमच बरं करतो. तुळसाची सातवी झालेली होती. ती कॅलेंडरचं जुनं पान आणि पेन्सिल घेऊन बायकांच्या मागे बसली.

रावजीने हात जोडले. "बा राखनदारा, ह्या घरान्यातला पोटाचा दुकना तुला ठावा हाय. आजा गंगाराम पल्टनीत रोट्या खायचा, चालिशीत झडून झडून गेला."

"व्हय म्हाराजा," भोवतीची माणसं म्हणाली.

"भैन सीता जुलाबान गेली."

"व्हय म्हाराजा."

"चुलतभाव भिकूचा पोर चार वर्साचा झाला, पोट मोटा नि पाय बारीक. भाव बाबू मुंबैत पाव खातो नि पोट धरून बसतो. पुतनी तुळसा सुकत चाल्लीय." इथे रावजीचा आवाज खाली आला. "नि ह्यो मी, रावजी, बारा वर्सा सोसतोय. सगल्यांची पीडा दूर कर."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. शेवटच्या नावावर कुणालाच नवल वाटलं नाही. परडं सगळ्यांचंच होतं.

टॉनिकची बाटली संपली तेव्हा काका-पुतणी पुन्हा रत्नागिरीला गेली. तुळसाने ते पान डॉक्टरच्या टेबलावर ठेवलं. डॉक्टरने सहाही नावं मोठ्याने वाचली.

"हे कुणी सांगितलं?"

"काकांनी. देवासमोर."

रावजी पुरता कात्रीत सापडला. नाही म्हणावं तर राखणदारापाशी खोटं बोलल्याचं ठरणार, आणि त्याची हद्द रावजीच्या परड्यातच. हो म्हणावं तर सावर्डे हातचं जाणार.

"व्हय," तो शेवटी म्हणाला. "पन चिठ्ठी लगीन झाल्यावर द्या."

"लगीन झाल्यावर ती लोका पन मला मायेनच शिरा घालतील, काका," तुळसा म्हणाली. "आत्तेला तुमी घातलात तसा."

रावजीने डॉक्टरकडे पाहिलं. त्याने हे खोडून काढावं अशी रावजीची अपेक्षा असावी. डॉक्टरने नावांची यादी त्याच्यापुढे सरकवली. मग रावजीने पेन मागितलं आणि यादीखाली, खरं आहे म्हणून, सही केली.

चिठ्ठी तयार झाली. मुंबईची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली.

"आजपासून घरात गव्हाचा दाना ठेवत नाय," रावजी उठत म्हणाला.

"तसं करू नका," डॉक्टर म्हणाला. "तपासणी होईपर्यंत तिने गहू खायलाच हवा. आता सोडला तर आतडं सुधारायला लागेल, आणि तपासणीत काही दिसणार नाही."

"म्हंजे बरी होऊ नये म्हनून घालायचा?"

"तीन आठवडे. त्यानंतर आयुष्यभर नाही."

दुपारी दोघं घरी पोचली. पानं मांडली होती. रावजीने तुळसाला भात वाढला, आमटी वाढली, लोणचं वाढलं, परत आमटी वाढली. चपातीच्या टोपलीशी त्याचा हात जाई आणि मागे येई.

"वाढा, काका," तुळसा म्हणाली. "तीन आठवडे मला बरा व्हायचा नाय."

त्याने एक चपाती उचलली, अर्धी मोडली आणि तेवढीच वाढली. तिने दुसरी अर्धीही मागून घेतली. ती खाली मान घालून सावकाश जेवली. एवढ्या वर्षांत त्या घरात कुणी जेवत असताना रावजी पहिल्यांदाच "आनकी घे" म्हणाला नाही.