हा कुणी खुडला?

या मित्रांनो, असे जवळ या. मागे बसलेल्यांनी थोडं पुढे सरकावं, म्हणजे मला घसा ताणावा लागणार नाही. आज मी तुम्हांला दोन बहिणींची कथा सांगणार आहे. म्हटली तर ती माझीच कथा आहे, पण माझ्या पोटात आयुष्यभर जे काही होतं ते त्या दोघींचं होतं. म्हणून मान त्यांचा पहिला.

मी एक जुना चहाचा डबा आहे. गोल, पत्र्याचा. एके काळी माझा रंग हिरवा होता, तो आता झाकणाच्या कडेला तेवढा शिल्लक आहे. माझ्या गळ्याभोवती एक तपकिरी वण आहे. तो कसा पडला, हीच खरी कथा. पण आधी जन्माचं सांगतो.

चहाच्या बागेखाली एक बाजार होता. तिथल्या एका कारागिरानं मला घडवलं. त्यानं पत्रा कापला, ठोकून गोल केला आणि सांध्यांना कथलाचा डाग दिला. मला बनवायला सांगणारी बाई समोरच उभी होती. ती बागेत चहाची पानं खुडायची. कारागिरानं झाकण बसवून दाखवलं, तर तिनं ते बोटानं हलवून पाहिलं आणि मान हलवली. "सैल आहे. वारा शिरेल."

कारागीर म्हणाला, "बाई, चहा ठेवणार आहात की भूत कोंडणार आहात?"

"धाकट्या बहिणीच्या लग्नात द्यायचाय. दुसरं झाकण करा."

त्यानं कुरकुर करत दुसरं झाकण केलं. ते असं बसलं, की उघडताना 'फट्' असा आवाज यायचा. बाई हसली. ती थोरली. तिनं स्वतः खुडलेला, स्वतः वाळवलेला चहा माझ्यात भरला आणि मला धाकटीच्या हाती दिलं.

मित्रांनो, या दोघी बहिणी एका मोठ्या बागेतल्या मजुरांच्या खोल्यांत वाढल्या होत्या. त्या बागेचा चहा रंगीत वेष्टनातून दूरदूर जायचा. वेष्टनावर पाठीला टोपली लावलेली एक हसरी बाई असायची. खऱ्या बायका मात्र रांगांत खुडत असतानाच शेजारच्या रांगेत कीड मारायचं औषध फवारलं जायचं. तोंडाला बांधायला साधं फडकंही कुणी देत नसे. दोघींची आई तिथेच खोकत खोकत गेली. तिच्या उशाशी बसून दोघींनी तो खोकला ऐकला होता, आणि असा आवाज एकदा कानात शिरला की तो काही बाहेर पडत नाही.

पुढे थोरलीनं आणि तिच्या सोबतिणींनी डोंगराचा एक पडीक उतार कसायला घेतला. तिथे मालक नव्हता, मुकादम नव्हता. विषारी फवारा नव्हता. उन्हं चढली की सावलीत बसायचं, पोरांना शाळेत धाडायचं आणि शेंड्याची दोन पानं व मधला कोंब एवढंच हलक्या हातानं खुडायचं. चहा थोडा निघायचा, थोडा महागही पडायचा. पण कोवळ्या पानाला जो सुगंध असतो, तो जरठ पानाला आणि देठाला कुठून येणार?

धाकटी लग्न होऊन शहरात आली. तिचा नवरा पुस्तकं बांधायचा. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार. सगळ्या घराला खळीचा आणि कोऱ्या कागदाचा वास. माझी जागा चुलीपासून दूर, मसाल्यांपासून त्याहून दूर अशा फळीवर होती. धाकटी म्हणायची, "चहा फार हळवा असतो. शेजाऱ्याचा वास लगेच लावून घेतो."

माझ्यातला पहिला चहा संपला तेव्हा ती कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. मलाही पिशवीत घालून नेलं होतं. दुकानदारानं समोर पाच-सहा प्रकार मांडले. तिनं प्रत्येकाची चिमूट तळहातावर घेऊन चोळली आणि नाकाशी नेली. मग थंड पाण्याचा पेला मागून त्यात चिमूट टाकून पाहिली. खरी पत्ती थंड पाण्यात सावकाश रंग सोडते. रंग लावलेली भुकटी मात्र पाण्याला शिवताच लाल ओघळ सोडून मोकळी होते. एवढं सगळं करून तिनं विचारलं, "हा कुणी खुडला?"

"म्हणजे?"

"कुठल्या बागेतला? तिथे खुडणाऱ्या बायका कशा राहतात? फवारा मारताना त्यांना बाजूला काढतात का?"

दुकानदारानं कपाळाला हात लावला. "बाई, चहा घ्यायला आलात की सोयरीक जुळवायला?"

"घरात आणायचाय ना? मग चौकशी नको?"

दुकानातले सगळे हसले. तीही हसली, पण न घेता परत गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, तिसऱ्या दिवशीही आली. शेवटी दुकानदार कंटाळून म्हणाला, "बरं, तुम्हीच सांगा कुणाचा आणू." अशा रीतीनं थोरलीच्या उताराचा चहा साध्या तपकिरी पिशव्यांतून त्या दुकानात येऊ लागला. धाकटीचं पाहून शेजारणी घेऊ लागल्या, त्यांचं पाहून आणखी कुणी.

मित्रांनो, "हा कुणी खुडला?" एवढं ध्रुवपद ध्यानात ठेवा. कथेत ते पुन्हा येणार आहे.

ते दिवस माझ्या मानाचे होते. नवा चहा आला की धाकटी 'फट्' करून मला उघडायची आणि नाक आत घालायची. बहिणींची भेट वर्षानुवर्षं होत नसे. थोरलीला लिहिता येत नव्हतं आणि वाट फार लांबची होती. पण धाकटीला वासावरून सगळं कळायचं. "कोंब भरपूर आहेत. म्हणजे ताईचे हात बरे आहेत." किंवा, "यंदा तिकडे ऊन फार झालेलं दिसतं."

बांधणीवाला पुढच्या खोलीतून ओरडायचा, "तुला डब्यात ताई दिसते. मला साखर कुठे गेली तेवढं दिसत नाही!"

"ती मी लपवलीय. डॉक्टर काय म्हणाले ते विसरलात वाटतं?"

"डॉक्टर स्वतः तीन चमचे घालतो!"

"मग त्याच्याकडेच जा चहाला."

असा संसार. त्यात एक लेक झाली. मी भरत होतो, रिकामा होत होतो, पुन्हा भरत होतो. भरलेल्या दिवसांचं सुख भरलेलं असताना कळत नाही, ही डब्यांचीही रीतच आहे.

मग धाकटी आजारी पडली. शेवटचा चहा तिनं स्वतः आणला. भिंतीला हात लावत, मध्येच पायरीवर बसत ती दुकानापर्यंत गेली आणि तशीच परत आली. मला उघडून तिनं वास घेतला आणि म्हणाली, "ताई बरी आहे." त्या चहाचे दोन-चारच कप झाले असतील. मग ती गेली. थोरलीला निरोप गेला, पण ती पोचेपर्यंत बघायला काही उरणार नव्हतं. तिनं तिकडेच टोपली खाली ठेवली आणि ती रांगेत बसून राहिली, असं मागाहून कळलं.

इकडे बांधणीवाल्यानं एका दुपारी मला फळीवरून उतरवलं. उघडलं नाही. नुसतं झाकणावर हात ठेवून बसला. मग त्यानं पुस्तकाच्या पाठीला लावतात ती कापडी पट्टी घेतली, तिला खळ लावली आणि माझ्या झाकणाच्या कडेनं गोल फिरवून मला कायमचं बंद केलं. बोटानं पट्टी दाबताना तो म्हणाला, "हा तिच्या हातचा. याला कुणी हात लावायचा नाही."

लेकीनं मान डोलावली. ती दवाखान्यात नोकरी करायची. संध्याकाळी येताना वाटेवरच्या टपरीवरून मिळेल ती भुकटी आणू लागली. रंग कसा, लालभडक! बापानं विचारलं नाही, लेकीनं सांगितलं नाही. दोघं समोरासमोर बसून तो चहा प्यायची आणि माझ्याकडे बघायची. मला रोज पुसायची. माझ्यापुढे फूल ठेवायची. मित्रांनो, एवढी माया मला कधीच मिळाली नव्हती, आणि इतका एकटाही मी कधी नव्हतो.

कोपऱ्यावरच्या दुकानात आता "हा कुणी खुडला?" असं विचारणारं कुणी येईना. तपकिरी पिशव्या पडून राहिल्या. शेजारणींनाही रंगाची सवय लागली. दुकानदारानं नवा माल मागवायचं बंद केलं. त्याचा तरी काय दोष?

वर्ष उलटून गेल्यावर थोरली आली. वाळलेली, वाकलेली, हातांच्या बोटांवर काळे चरे. बांधणीवाल्यानं तिला पाटावर बसवलं. लेकीनं काय केलं असेल? घरात पाहुणं आलं की जे करतात तेच. चहा टाकला.

थोरलीनं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"का मावशी? साखर कमी झाली का?"

"नाही गं. हा कुणी खुडला?"

लेक बापाकडे बघू लागली. बाप जमिनीकडे बघू लागला. हा प्रश्न त्या घरात किती दिवसांनी आला होता!

थोरलीची नजर माझ्यावर गेली. तिनं मला लगेच ओळखलं. बांधणीवाला घाईघाईनं म्हणाला, "तिचा शेवटचा चहा आहे, ताई. तुमच्याच उताराचा. मी हात लावू दिला नाही कुणाला."

"उघडा."

"ताई..."

"उघडा, भावोजी."

त्यानं कागद कापायची सुरी आणली. पट्टीच्या कडेनं ती गोल फिरवली. पट्टी सुटली, 'फट्' आवाज झाला आणि थोरलीनं नाक आत घातलं. बहीण घालायची तसंच. किती तरी वेळ ती तशीच राहिली.

माझ्यात काही नव्हतं, मित्रांनो. पत्ती होती, पण सुगंध निघून गेला होता. वाळक्या गवताचा वास येत होता. वारा मी आत शिरू दिला नव्हता, पण दिवस शिरले होते. दिवस अडवील असं झाकण अजून कुठल्या कारागिराला जमलेलं नाही.

थोरली म्हणाली, "मी हा ठेवायला नव्हता हो खुडला. प्यायला खुडला होता."

आणि मग तिनं सांगितलं. उतार सुटला होता. त्यांचा चहा कुठल्या मोठ्या बाजारात जात नव्हता. चार गावांतल्या चार छोट्या दुकानांवर तो जगत होता. एकेका दुकानानं माल मागवणं बंद केलं. सोबतिणी पांगल्या आणि थोरली त्याच मोठ्या बागेत परत गेली, जिथे तिची आई खोकत गेली होती.

"तुमच्यामुळे बुडालो असं नाही म्हणत मी," ती म्हणाली. "पण भावोजी, प्रत्येक दुकानात विचारणारी एखादीच असते. ती गप्प झाली की दुकान गप्प होतं. मला वाटलं होतं, ती गेली तरी घर विचारत राहील."

बांधणीवाल्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "मला वाटलं, मी तिची आठवण जपतोय."

"जपलीत की. तिचं काम तेवढं राहिलं."

हे ती रागानं बोलली नाही. रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. बोलता बोलता ती खोकली. तो खोकला ऐकून लेक चटकन वळली. दवाखान्यात काम करणारीचे कान ते. ती म्हणाली, "मावशी, इथेच राहा. मी औषध देते." थोरली म्हणाली, "खुडायचे दिवस आहेत. गेले नाही तर खोलीही जाईल."

त्या दुपारी तिघांनी माझ्यातला तो सुगंध गेलेला चहा करून घेतला. सगळा, शेवटच्या चिमटीपर्यंत. बेचव होता, पण कुणी कप खाली ठेवला नाही. थोरली निघून गेली. पुढच्या हंगामात तिच्या एका सोबतिणीकडून निरोप आला, की थोरली गेली. आईसारखीच.

निरोप आला त्याच दिवशी बांधणीवाला मला घेऊन कोपऱ्यावर गेला. "हा कुणी खुडला?" त्यानं विचारलं. दुकानदार सवयीनं म्हणाला, "आता तुम्हीही सोयरीक..." पण समोरचा चेहरा पाहून वाक्य तिथेच थांबलं. तो हलकेच म्हणाला, "ठाऊक नाही. पण विचारतो." त्याला वेळ लागला. कुठल्याशा वेगळ्या डोंगरावरची एक बाग सापडली. तिथे फवारा नाही, खुडणाऱ्यांना विसावा आहे, आजारपणाची सोय आहे. दुकानदारानं नुसत्या वेष्टनावर विश्वास ठेवला नाही, तिथे जाऊन आलेल्या माणसाला गाठून खात्री केली. तो चहा माझ्यात भरताना बांधणीवाला म्हणाला, "हा ताईचा नाही." झाकण लावताना म्हणाला, "पण कुणाच्या तरी ताईचा असेल." त्यानंतर त्यानं मला कधी बांधून ठेवलं नाही. भरायचा, संपवायचा, पुन्हा विचारायला जायचा.

आता तोही नाही. माझ्या तळाला गंज धरलाय. लेकीनं मला टाकलं नाही, पण चहा आता काचेच्या बरणीत असतो. काचेतून उजेड लागतो त्याला. मला ते कळतं, पण लेकीला सांगता येत नाही. माझ्यात बटणं असतात. झाकण सैल झालंय आणि गळ्याशी खळीचा हा वण आहे.

पण लेक दुकानात विचारते, एवढं मला ऐकून माहीत आहे. तुम्हीही विचारा. हातावर चोळा, वास घ्या, थंड पाण्यात टाकून बघा. नुसत्या रंगावर भुलू नका. चांगला चहा आणलात तर तो ताजा असताना प्या, कुणासाठी म्हणून कोंडून ठेवू नका. उत्तर लगेच मिळालं नाही, लोक हसले, तरी विचारणं सोडू नका. दुकानात एकानं तरी विचारावं लागतं.

आणि मित्रांनो, उद्या सकाळी घरात चहा होईल. वाफ वर येईल. तेव्हा पहिल्या घोटाआधी क्षणभर थांबा आणि त्या उतारावरच्या बाईची आठवण काढा. धाकटी तिला ताई म्हणायची. तुम्हीही ताईच म्हणा.