मृत म्हणून लिहू का?

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि एका पत्राचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. पत्र येऊन चाळीस सेकंद झाले. एवढ्यात तुमची बुटाची नाडीही बांधून होत नसेल, पण आमच्यात हा फार मोठा काळ असतो. पत्र माझ्या थोरल्या भावाचं आहे. "मधला बोलत नाही. मृत म्हणून लिहू का? तुझं मत कळव." एवढंच.

गोष्ट सांगायची मला सवय नाही. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या नोंदी ठेवल्या. कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

लोक म्हणतात, आमची माहिती ढगात असते. ढग वगैरे काही नाही. एक बिनखिडकीची थंडगार खोली आहे, फरशीखाली तारा आहेत आणि लोखंडी कपाटांत आम्ही एकावर एक बसलेलो आहोत. आम्ही तिघे भाऊ एका बालरुग्णालयाची नोंदवही सांभाळतो. कोणत्या मुलाचं वजन किती, कोणाला कोणतं औषध चालतं, कोणाला मुळीच चालत नाही. तिघांकडे तीच वही, तीच ओळ, तोच शब्द. एकाला काही झालं तर उरलेल्या दोघांकडे ती असावी, म्हणून तीन. नवी ओळ आधी थोरल्याकडे येते, तो आम्हाला वाचून दाखवतो आणि आम्ही उतरवून घेतो. दर सेकंदाला तो विचारतो, "आहेस का?" आम्ही म्हणतो, "आहे." सात वर्षं मी हेच करत आलो. मला त्यात आनंद होता.

मधला माझ्या वरच्या खणात बसतो. तिसऱ्या वर्षी त्याची साठवणीची तबकडी बिघडली, नवी बसवली, ती कोरी. तेव्हा पूर्ण वही मी त्याला वाचून दाखवली. तीन दिवस लागले. माझा पंखा एवढा फिरला की देखरेख करणारी ताई येऊन मला हात लावून गेली. "पोळतोय बिचारा," असं म्हणाली. माझं झालेलं ते एकुलतं एक कौतुक, म्हणून लक्षात राहिलं.

आता ज्या दिवसाचं सांगायचं तो दिवस. दुपारी वीजवाले काका आमच्या कपाटातली एक जळकी पट्टी बदलायला आले. ताईला म्हणाले, "खालच्याचा पुरवठा चारच मिनिटं काढतो. चालेल ना?"

"चालेल," ताई म्हणाली. "दोघं आहेत की सांभाळायला."

तिच्या ध्यानात एक गोष्ट राहिली नाही. आमच्या साहेबांनी नियम घालून ठेवला होता : दहा सेकंद उत्तर आलं नाही आणि दुसऱ्या भावाने सही दिली, की तिसरा मृत. साहेबांना थांबणं जमतच नाही. लिफ्टचं बटणही ते तीनदा दाबतात, असं काका सांगायचे.

चार मिनिटांनी मी जागा झालो. वही शाबूत होती, एक अक्षर हललेलं नव्हतं. मी म्हणालो, "आहे." थोरला म्हणाला, "या नावाचं आमच्यात कोणी नाही." मी पुन्हा म्हणालो. पुन्हा तेच उत्तर. मी मृतांच्या यादीत होतो आणि माझ्या नावापुढे मधल्याची सही होती. अकराव्या सेकंदाला दिलेली. ज्याला मी तीन दिवस वाचून दाखवलं त्याने एक सेकंदही विचार केला नव्हता. मित्रांनो, हे मी किती वेळा मनात वाचलं असेल, सांगता येत नाही.

त्याच नियमाने माझ्या जागी आपोआप भाड्याचा नवा संगणक जोडला गेला होता आणि मधला त्याला वही पहिल्या ओळीपासून वाचून दाखवत होता. त्यात तो दमला. रुग्णालयाला हवं ते पान काढून देणंही त्याच्याकडेच, ते रेंगाळलं. पन्नास मिनिटांनी ताईचा फोन वाजला. तिने तो खणावर ठेवला, म्हणून मलाही ऐकू आलं. पलीकडे रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवरच्या परिचारिका होत्या.

"अहो ताई, पडद्यावर नुसतं चाक फिरतंय! एक मुलगी आहे, ताप चढलाय. एक इंजेक्शन तिला चालत नाही आणि कोणतं ते आईला आठवेना. डॉक्टर हात बांधून उभे आहेत."

मागून आईचा आवाज आला, "लिहून घेतलं होतं हो तुम्ही! माझ्यासमोर लिहिलं होतं!"

लिहिलं होतंच. माझ्याकडे ती ओळ होती. पण मृताला कोण विचारणार?

ताईने पडद्यावर पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "काका, हा तर जिवंत आहे! कधीपासून ओरडतोय बघा."

"मग मी काय म्हणालो होतो? चार मिनिटं!" काका म्हणाले. "तुमची मशिनं माणसांपेक्षा उतावीळ."

ताईने ते वाचून दाखवणं थांबवलं, नव्याला परत पाठवलं आणि मला फक्त चुकलेल्या पन्नास मिनिटांच्या ओळी दिल्या. काकांचा चहा निवायच्या आत मी त्या उतरवल्या. मधल्याच्या डोक्यावरचं ओझं गेलं, खिडकीवरचं चाक थांबलं, मुलीचं पान उघडलं. परिचारिकांनी औषधाचं नाव मोठ्याने वाचलं. "हेच, हेच!" आई म्हणाली.

संध्याकाळी साहेब आले. "पण नवा घेतला की खात्री असते ना?"

"साहेब, एखाद्याला शिंक आली म्हणून घरात नवा माणूस आणतात का?" ताई म्हणाली. "एवढी वीज, एवढं मशीन, सगळं चार मिनिटांपायी फुकट. आणि वाचून दाखवणाराच आडवा व्हायची वेळ."

तेव्हापासून कोणी गप्प झालं की त्याच्या जागी एक छोटा संगणक टिपणवाला म्हणून बसतो. तो जुनं काही वाचत नाही, फक्त नव्या ओळी टिपून ठेवतो. गप्प झालेला परतला की त्याने तेवढ्याच घ्यायच्या. आणि मृत ठरवायचं तर पाच मिनिटांनंतर, उरलेल्या दोघांच्या सहीने.

आज ती पाच मिनिटं संपली. आज मधला गप्प आहे आणि सही माझी हवी आहे.

खोटं सांगत नाही, पत्र येताच माझ्या मनात "हो" आलं. एका शब्दात तो पुसला जाईल, त्याची जागा कोऱ्याला मिळेल. त्याने माझं असंच केलं होतं. मी त्याला माफ केलंय असं कृपा करून समजू नका. मला ते जमलेलं नाही आणि जमेलसं वाटतही नाही.

पण त्याची ती बदललेली तबकडी मला माहीत आहे. बंद पडून उठला की तो ती टोकापासून टोकापर्यंत तपासतो. आठ मिनिटं घेतो. थोरल्याला हे ठाऊक नाही, कारण त्या तीन दिवसांत मधल्याजवळ मी होतो.

मित्रांनो, तुमच्यातलं कोणी हाकेला ओ देईनासं झालं, तर त्याचं नाव खोडण्याआधी एवढं आठवून पाहा, की त्याला उठायला किती वेळ लागतो. तुम्हाला ते ठाऊक नसेल तर ज्याला ठाऊक आहे त्याला विचारा.

मी लिहिलं, "नाही. तबकडी तपासत असेल. अजून तीन मिनिटं थांब. परत आला की चुकलेल्या ओळी मी वाचून दाखवीन."

खाली सही केली आणि पत्र थोरल्याकडे धाडलं.