उलट्या तोंडाचं घर

मी बोलतेय. न्यूझीलंडातल्या अल्बनीच्या पुढे रस्ता वळतो ना, तिथं उभी असलेली पांढरी लाकडी वास्तू. इकडचे सुतार इंग्रजीत घराला 'शी', म्हणजे 'ती', म्हणतात, म्हणून मीही बाईमाणसासारखीच बोलणार. मला कुबट म्हणालात, पडकी म्हणालात, उलट्या तोंडाची म्हणालात. आता माझंही ऐका.

मला बांधलं एल्मर नावाच्या अमेरिकन शेतकऱ्यानं. आयोवातलं शेत विकून तो इथं सफरचंदांची बाग लावायला आला आणि बापाच्या घराचा आराखडा डोक्यात घेऊन आला. इंग्रजी 'एल' अक्षरासारखी माझी बांधणी. एका भागात पाहुण्यांची बैठक नि वर निजायच्या खोल्या, दुसऱ्यात ऐसपैस स्वयंपाकघर. दोन्हींच्या कुशीत लांब व्हरांडा. मागच्या दाराशी चिखलाचे बूट काढायला एक छोटी खोली. बैठक उघडायची नाताळात, नाहीतर कुणी गेलं तर. बाकी सगळं जगणं चुलीभोवती. शेतकऱ्याच्या घरात आणखी काय हवं?

चूक एकच झाली. आयोवात हिवाळ्यातलं ऊन दक्षिणेकडून येतं. म्हणून एल्मरनं व्हरांडा आणि मोठ्या खिडक्या दक्षिणेला काढल्या, लोण्याची कोठी उत्तरेला. पण न्यूझीलंडमध्ये सूर्य फिरतो उत्तरेकडून! व्हरांड्यावर शेवाळ चढलं आणि कोठीतलं लोणी वितळलं. शेजारी पोट धरून हसले. त्याची बायको क्लारा म्हणाली, "उत्तरेला खिडक्या काढ."

"माझ्या बापाच्या घराला तिकडे खिडक्या नव्हत्या," एल्मर म्हणाला.

क्लारानं भांडून भांडून कोठीला तेवढी एक खिडकी मिळवली. एल्मर मात्र मरेपर्यंत बधला नाही. माझ्या लाकडात मुरलेला हट्ट त्याचाच.

मग मालक बदलत गेले. बाग गेली, मेंढ्या आल्या, मेंढ्याही गेल्या. भाडेकरूंनी माझ्या भिंतींना खिळे ठोकले, पण रंगाचा हात कुणी फिरवला नाही. शेवटी मला देवदत्त आणि त्याची बायको उत्तरा यांनी घेतलं. खरं सांगू? मला नाही घेतलं, माझ्या खालची जमीन घेतली. मला पाडून काचेचं नवं घर उभं करायचं, हे आधीच ठरलं होतं.

तेवढ्यात मिरजेहून देवदत्तची आई आली, मनोरमाबाई. ऐन जुलैतला, म्हणजे इथल्या भर हिवाळ्यातला गारठा. दोन स्वेटर, डोक्याला मफलर, तरी बाईंचे दात वाजत होते. त्या हातात स्टूल घेऊन ऊब शोधत खोल्याखोल्यांतून हिंडल्या आणि अखेर कोठीत शिरल्या. क्लाराच्या खिडकीतून तिथं ऊन येत होतं. बाई तिथंच तांदूळ निवडत बसू लागल्या.

एके दिवशी जेवताना त्या म्हणाल्या, "देवू, ह्या घराचं तोंड चुकलंय."

"आई, प्लीज! दक्षिणेला यम आणि वास्तुशास्त्र, हे इथं काढू नकोस."

"यमाला कोण भितंय? मला थंडी वाजतेय. आपल्याकडे हिवाळ्यात ऊन दक्षिणेकडून येतं, इथं उत्तरेकडून. हे घर बांधणारा तिकडचाच असणार. घर उत्तम आहे रे, नुसतं पाठमोरं उभं आहे."

देवदत्त हसला. "म्हणून तर पाडतोय."

"पाठमोऱ्या माणसाला हाक मारतात, देवू. ढकलून देत नाहीत."

इतक्या वर्षांत माझी बाजू घेणारं हे पहिलं माणूस.

पुढच्या आठवड्यात पाडणारे आले. त्यांनी बैठकीच्या खिडक्या उतरवल्या आणि यंत्र अंगणात आणलं. मनोरमाबाईंनी स्वयंपाकघराच्या मधोमध स्टूल मांडलं आणि त्यावर बसल्या.

"आई, बाहेर चल. ही माणसं खोळंबलीत."

"खोळंबू देत. मी इथून हलणार नाही."

"अगं, मग ह्या घराचं करायचं काय?"

"फिरवायचं!"

देवदत्तनं कपाळावर हात मारला. पण उत्तरा दारातच थबकली. ह्या देशात लाकडी घरं ट्रकवर घालून गावोगाव नेतात, हे तिनं कितीदा पाहिलं होतं. "देव," ती म्हणाली, "आई वेड्यासारखं बोलत नाहीयेत." आणि तिनं घरं हलवणाऱ्या एका माणसाला फोन लावला.

तो रांगी. पायात जँडल्स, म्हणजे इकडच्या रबरी चपला, हातात टॉर्च. "किया ओरा," असा माओरी नमस्कार करत सरपटत माझ्या पोटाखाली शिरला, इथल्या कौरी झाडाच्या लाकडाच्या तुळया ठोकून पाहिल्या आणि चिखलानं माखून बाहेर आला. "हीप्स ऑफ लाइफ इन हर! भरपूर जगेल ही अजून. मागं मोकळं रान आहे, तिथं वळवू. स्वीट ॲज, एकदम झकास."

देवदत्त माझ्याभोवती एक फेरी मारून आला. मग त्यानं यंत्रवाल्याला परत पाठवलं.

फिरणं सोपं नव्हतं. विटांचं धुराडं आधी उतरवावं लागलं. ते मला अजून सलतं. पोटाखाली लोखंडी तुळया सरकवल्या, मला उचलून ट्रकवर ठेवलं. जमीन सुटली तेव्हा माझा सांधा न् सांधा कण्हला. देवदत्त माझ्या बाजूनं चालत ओरडत होता, "हळू! सावकाश!" पाडायला निघालेला तोच! रानात वळले आणि जन्मात पहिल्यांदा व्हरांड्यावर ऊन पडलं. मनोरमाबाई टाळ्या वाजवत होत्या. उत्तरा रडत होती.

आता माझ्याभोवती नव्या घरांच्या भिंती आल्यात, एक दुसरीपासून वेगळी ओळखू येऊ नये अशा. माझ्या बैठकीच्या भिंतीला वळताना तडा गेला, तो मी मिरवते. मनोरमाबाई दर हिवाळ्यात येतात, व्हरांड्यात पाय पसरून बसतात. जमिनीचे दलालही येतात. म्हणतात, जुनं घर, किती दिवस टिकणार?

टिकेन हो. तुमच्या नातवंडांनाही दिसेन. वाटलं तर तुम्हीही या, उन्हात बसा, चहा घ्या. फक्त जमीन मोजायची टेप गाडीतच ठेवा.