आधी पान, मग बोलणं

कोंगाचं डोकं तापलं होतं. शिक्षिकेची नोकरी हाताशी आली आणि वैद्यकीय तपासणी करणाऱ्या डॉक्टर हार्तोनोंच्या एका शेऱ्यापायी अडली: ‘उमेदवार अक्षरं गिळते. घशात दोष.’ दोष कसला डोंबलाचा! इंडोनेशियातल्या सुंबा बेटावर तिचं अख्खं गाव ‘ब’ म्हणताना कंठ खाली ओढतं.

भांडभांड भांडून तिने डॉक्टरांना कबूल करायला लावलं. मायलेकींचा बोलतानाचा एमआरआय काढायचा, गळा आतून कसा हलतो ते बघायचं. दोघींचा सारखा हलला तर शेरा मागे, नाहीतर नोकरीवर पाणी.

कोंगाचं झालं. मग तिची आई, रांबू न्गाना. बेट सोडून आयुष्यात पहिल्यांदा सुराबाया शहरात आलेली. तिने पानसुपारीची पिशवी डॉक्टरांपुढे धरली. “नको बाई, वेळ नाही,” म्हणून त्यांनी तिला थेट मशीनमध्ये सरकवलं.

मशीन धडधडू लागलं. “बोला बाई, बोला!” म्हातारी ढिम्म. पडद्यावर जीभ नुसती पडून.

“बघा,” डॉक्टरांनी पेन उचललं, “यांना तर बोलताच येत नाही. घराण्यातच दोष.”

“बोलता येत नाही?” कोंगा उसळली. “बोटीत दोन दिवस माझं डोकं खाल्लंय तिने! आमच्यात वैऱ्यालासुद्धा आधी पान देतात, मग भांडतात. तुम्ही तिचं पान नाकारलंत. आता ती मेली तरी तोंड उघडायची नाही.”

“हे हॉस्पिटल आहे!”

“आणि ती माझी आई आहे. बसा वाट बघत.”

अर्धा तास बसले. शेवटी डॉक्टरांनी आईला बाहेर काढलं, तोंड वाकडं करत तिचं पान चघळलं, ठसका लागला, पांढऱ्या कोटावर लाल शिंतोडे उडाले. आईने समाधानाने चूळ भरली, आत गेली आणि जी सुटली ती थांबेचना. दर ‘ब’ला कंठ खाली, थेट लेकीसारखा.

“पण नॉर्मल माणसाचा असा उतरत नाही,” डॉक्टर पुटपुटले.

“नॉर्मल म्हणजे तुम्ही ना? मग झोपा आत!”

टेक्निशियन फिस्सकन हसला. आता माघार कशी घेणार? डॉक्टर झोपले. आई माइकवरून ‘ब’ म्हणून दाखवी, ते दहादा म्हणाले. पडद्यावर त्यांचा कंठ जागचा हलेना. बाहेर येऊन त्यांनी मुकाट्याने शेरा खोडला, सही केली.

कोंगाला हसू आवरेना. आईने तिला कोपरखळी मारली.

“हसू नये गं. जन्मापासूनच असेल बिचाऱ्याला.”