लोदची माती

मित्रांनो, मी एक जुनी बरणी आहे, चिनी मातीची, आणि स्वभावाने जळकी. आधीच सांगून टाकते.

माझी पहिली वीस वर्षं कैरीच्या लोणच्यात गेली. पेणच्या रिबेकाकाकू दिवेकर, कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू, मला सुटकेसमधून अमेरिकेत, पार्सिपनीला घेऊन आल्या. १९८२ साली त्यांच्या इस्राएलमधल्या बहिणीने लोद गावची माती पाठवली. मेल्यावर उशाला पवित्र भूमीची माती हवी, ही काकूंची एकच इच्छा. लोणच्याच्या बरणीला पाणी लावायचं नसतं, म्हणून त्यांनी मला नुसतं फडक्याने पुसलं आणि माती भरून झाकण घट्ट बसवलं. केवढा माझा मान! आल्यागेल्याला आधी मीच दाखवली जाई.

मग एकदा खालच्या मजल्यावरची पॅलेस्टिनी सलमा आली. ती इंग्रजीत म्हणाली, "लोद नाही, लिद्द. माझा जन्म तिथला. अठ्ठेचाळीस साली आम्हाला हाकललं." लगेच खाली जाऊन ती आपली बाटली घेऊन आली. जॅमची बाटली! आत त्याच गावची माती, तिच्या आईने रुमालात बांधून आणलेली.

"दोन हजार वर्षं आम्ही तिकडे तोंड करून प्रेयर करतोय," काकू म्हणाल्या.

"आणि आम्ही तिथे राहत होतो," सलमा म्हणाली.

दोघींचं बोलणं तुटलं. पण काकूंच्या तोंडी सारखी ती बाटलीच. माझा नुसता जळफळाट होई.

१९८७च्या हिवाळ्यात काकू गेल्या. त्यांचे यजमान सॅम्युअलकाका, त्यांनी माझं झाकण काढलं आणि मान फिरवली. माती तेल पिऊन बुरसटली होती, हिंगाचा भपकारा येत होता. काका डोळे पुसत खाली गेले आणि सलमाला तिच्या बाटलीसकट घेऊन आले.

"देते. पण ही माझ्या गावची माती आहे. पुरताना लिद्द म्हणायचं," सलमा म्हणाली.

"म्हणेन. पण तिच्यासाठी लोदही म्हणेन."

सलमाने त्याला होकार दिला नाही, पण बाटली उघडली. दोन चमचे माती काकांच्या रुमालात ओतली. नाव घेतात की नाही ते ऐकायला स्वतः दफनाला गेली.

मित्रांनो, जिवापाड जपलेल्या वस्तूचंही झाकण अधूनमधून उघडत जा. पाच वर्षांत कुणी मला एकदा उघडलं असतं, तर काकूंच्या उशाला माझीच माती गेली असती. पण मग सलमा त्यांच्या कबरीपाशी उभी राहिली नसती. हे कबूल करतानाही माझा जळफळाट होतो.